वालचंद, पण कुठलं? : सोलापुरात परवडणारं कॉलेज शोधताना

सोलापुरात कुणी सांगितलं, "पोरगा वालचंदला लागला," तर ऐकणारा आधी विचारतो, "इथलं का सांगलीचं?" उद्योगपती वालचंद हिराचंदांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा; नावावर हक्क सांगायला दोन्ही गावं मोकळी आहेत. सांगलीचं कॉलेज १९४७ चं, अनुदानित. सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ चं, विनाअनुदानित. विचारणाऱ्याच्या डोक्यात मात्र हा फरक नसतो. त्याच्या डोक्यात असतं प्लेसमेंट, कट-ऑफ आणि लग्नाच्या बैठकीत सांगायला बरं वाटेल असं नाव. चार वर्षांत घरातून किती रुपये जाणार, हा प्रश्न प्रवेश झाल्यावर, पहिल्या पावतीच्या वेळी निघतो.

तो उशिरा निघतो याचं कारण, फी ही कॉलेजच्या पाटीवर लिहिलेली एक ठरीव रक्कम आहे असं आपण धरून चालतो. ती तशी नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या तिघांनी तीन वेगळ्या रकमा भरलेल्या असतात. तुकडी अनुदानित आहे का, पोरगं कुठल्या दारानं आत आलं आणि त्या दिवशी त्याच्या फायलीत कुठले दाखले होते, यावर खरी फी ठरते. कॉलेज निवडणं म्हणजे निम्मं हेच जमवणं. बाकीचं निम्मं राहण्या-खाण्याचं.

या गुंत्याला इतिहास आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. त्याआधी इकडची ऐपतदार मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात, आणि सोलापूरकराला तर कर्नाटक म्हणजे शेजारचीच आळी. विजयपूर, कलबुर्गी दोन्ही हाताच्या अंतरावर. कॉलेजं इकडे आली, तशी डोनेशनची रीतही आली. १९८७ मध्ये राज्यानं कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा केला आणि २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरणाच्या हातात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवण्याचं काम दिलं. प्राधिकरणानं मंजूर केलेली फी त्याच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघायला मिळते. कॉलेजच्या रंगीत माहितीपत्रकाआधी ती बघावी. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क हे दोन आकडे वेगळे असतात, आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे सवलतींच्या वेळी तो नडतो.

आता कला, वाणिज्य, विज्ञानाचं बघू. इथं सोलापूर श्रीमंत आहे. दयानंद १९४० चं, संगमेश्वर १९५३ चं; शिवाय वालचंदचं कला-शास्त्र, हिराचंद नेमचंद वाणिज्य, सोशल, मुलींसाठी बुर्ला महिला महाविद्यालय. पूर्वी ही सगळी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ झालं. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं चालतं. या जुन्या कॉलेजांतल्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मूळ तुकड्या अनुदानित आहेत आणि त्यांची फी रिक्षावाल्याच्या घरालाही झेपते. गोम अशी की त्याच इमारतीत, जिना चढून वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरचा किंवा बायोटेकचा अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित असतो. कॉलेज तेच, प्राचार्य तेच, फी कितीतरी पट. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर "फी किती?" एवढं विचारून भागत नाही. "ही तुकडी ग्रँटची का नॉन-ग्रँटची?" असं विचारायचं. कारकून एकदा मान वर करून बघतो आणि मग नीट उत्तर देतो.

बीसीएचं प्रकरण ताजं आहे. २०२४ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांना सीईटी लागली आणि अनेक ठिकाणी तोच अभ्यासक्रम नाव बदलून, परिषदेच्या बाहेर राहून चालू राहिला. पालकाला दोन्ही सारखेच दिसतात. पण एकाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या सवलती लागू होतात, दुसऱ्याला त्या मिळतीलच असं नाही. नावाची पाटी वाचून पैसे भरू नयेत. मंजुरी कुणाची, ते विचारावं.

या भागात माझं मत सरळ आहे. नुसत्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी पोराला पुण्याला पाठवू नये. फर्ग्युसनसारख्या कॉलेजात चांगल्या विषयाला अनुदानित जागा मिळत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पुण्यातल्या कुठल्या तरी नॉन-ग्रँट तुकडीसाठी तीन वर्षं कॉटभाडं भरण्यापेक्षा पदवी इथं करावी आणि तो पैसा एम.एस्सी.ला, एम.बी.ए.ला किंवा स्पर्धा परीक्षेच्या दोन वर्षांना राखून ठेवावा. पोरगं तेव्हा एकविसाचं असतं, आपल्याला काय हवं ते त्याला थोडंफार उमगलेलं असतं.

अभियांत्रिकीचं गणित वेगळं. सोलापुरात सरकारी अभियांत्रिकी कॉलेज नाही. सरकारी वैद्यकीय आहे, वैशंपायन स्मारक, १९६३ पासूनचं. पण तिथली जागा नीटच्या गुणांवर ठरते, तिथं निवड करायला फारसं उरत नाही. अभियांत्रिकीला इथं वालचंद, ऑर्किड, तिकडे पंढरपूरजवळ गोपाळपूरला स्वेरी, अशी खासगी कॉलेजं. फी लाखाच्या आगेमागे. सरकारीत जायचं तर कराड, संभाजीनगर, पुणे. पण सरकारी म्हणजे स्वस्तच, हे गृहीतक जुनं झालं. पुण्याचं सीओईपी २०२२ मध्ये विद्यापीठ झालं. स्वायत्त संस्था आपली फी ठरवतात आणि खुल्या गटाच्या पोराला तिथली फीसुद्धा हलकी जात नाही. शिवाय पुण्याचं राहणं. तरीही चांगल्या सरकारी संस्थेत जागा मिळत असेल तर घर सोडावं, कर्ज काढावं लागलं तरी सोडावं, असं मी म्हणेन. उलट पुण्याच्या वेशीबाहेरच्या, नाव दोनदा विचारावं लागतं अशा खासगी कॉलेजसाठी सोलापूर सोडण्यात मला शहाणपण दिसत नाही. केवळ पत्ता पुण्याचा म्हणून कंपनी येत नाही.

एक वाट आपल्याकडे असून दुर्लक्षित आहे, ती दहावीनंतरची. सोलापूरचं शासकीय तंत्रनिकेतन १९५६ पासून आहे. सरकारी तंत्रनिकेतनाची वर्षाची फी दहा हजारांच्या आत. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकीला. म्हणजे महागड्या चार वर्षांऐवजी तीनच वर्षं भरायची, आणि वर अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च वाचलेला. मधेच घरची घडी विस्कटली तर पोराच्या हातात नोकरी लागेल असा कागद असतो. बारावी सायन्सच्या गुणपत्रिकेवर चिंचोळीच्या एमआयडीसीत कुणी उभं करत नाही. तोटाही आहे: डिप्लोमाची मुलं पदवीला गेली की गणितात धापा टाकतात. पण पहिल्या सत्रापुरतं. हुशार पोरांनी डिप्लोमाला जायचं नाही, ही समजूत कुठून रुजली कोण जाणे. बहुधा क्लासवाल्यांच्या बॅनरवरून.

क्लासवाल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं की बहुतेक घरांत पैशाचा मोठा तुकडा कॉलेजमध्ये जातच नाही, त्याआधीच जातो. अकरावी कागदावर एका कॉलेजात, शिकवणी दुसरीकडे, आणि दोन वर्षांची फी कॉलेजच्या चार वर्षांशी टक्कर देणारी. त्यात लातूर. नीटची तयारी म्हटलं की सोलापूर, बार्शी, उमरगा इकडून पोरं तिकडे निघतात. खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. ज्याला डॉक्टर व्हायचंच आहे आणि दहावीत विज्ञान-गणितात ज्याचा हात खरोखर चालतो, त्यानं जावं. पण "बघू लागलं तर" म्हणून पाठवलेली पोरं दोन वर्षांनी परत येतात, तोवर डिग्रीसाठी ठेवलेला पैसा संपलेला असतो, आणि मग घरी म्हणतात, आता जवळचं काहीतरी घे. परवडणाऱ्या कॉलेजचा निर्णय बारावीच्या निकालानंतर होतो असं आपण समजतो. तो दहावीच्या मे महिन्यात, बँकेतली ठेव मोडताना झालेला असतो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. निदान तिथं तरी पसंतीक्रम स्वतःच्या विचारानं भरता येतो, क्लासनं हातात दिलेल्या यादीनं भरायलाच हवा असं नाही.

आता दाराचं बोलू. व्यावसायिक अभ्यासक्रमाचं मोठं दार म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, सगळे तिला 'कॅप' म्हणतात. दुसरं दार संस्था स्तरावरचं, म्हणजे व्यवस्थापन कोटा. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो, पण प्रवेश कॅपमधून हवा. दुसऱ्या दारानं गेलात की सवलत गेली, मग उत्पन्न दोन लाख असो. कितीतरी पालक कॅपच्या तिसऱ्या फेरीपर्यंत थांबायचा धीर सोडतात, "जागा संपतील" या भीतीनं कोट्यातून प्रवेश करून टाकतात आणि चार वर्षं पूर्ण फी भरत बसतात. दोन आठवड्यांच्या धास्तीची किंमत दीड-दोन लाख. एवढी महाग धास्ती सोलापूरच्या बाजारात दुसरी कुठली नसेल.

फेऱ्यांचे नियम दर वर्षी थोडे हलतात. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे वर लिहिलेलं कॉलेज हे खरोखर झेपणारं हवं. हौसेखातर पहिल्या क्रमांकावर पुण्यातलं महागडं कॉलेज टाकलं आणि लागलं, तर पुढच्या फेरीचा रस्ता बंद. शिवाय अनेक कॉलेजांत जागांचा मोठा वाटा त्या-त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी असतो. सोलापूरच्या पोराला सोलापुरात जे कॉलेज सहज मिळतं, त्याच गुणांवर पुण्यात त्या तोडीचं मिळेलच असं नाही. अक्कलकोटकडच्या घरांनी आणखी एक बघावं. शाळा सीमेपलीकडे, दहावी-बारावी कर्नाटक बोर्डाची, आणि प्रवेश महाराष्ट्रात, असं असेल तर पात्रता कुठल्या प्रकारात बसते ते आधी तपासावं. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी वेगळी तरतूद आहे, सगळ्यांसाठी नाही.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय म्हणजे गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात मोठा बदल. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी निम्मं होतं. पण विकास शुल्क, वसतिगृह, बस हे यात नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही नाहीत, आणि जाहिराती तर त्यांच्याच सर्वांत मोठ्या असतात. तरीही हिशेब उलटा झाला आहे. "मुलीला बी.ए. कर, फी कमी" असं म्हणणाऱ्या बापाला आता सांगता येतं की तिच्या इंजिनिअरिंगला तुमच्या मुलापेक्षा कमी पैसे लागतील. काही बाप हे ऐकून गप्प होतात आणि मग अंतराचा मुद्दा काढतात. तेव्हा खरं कारण फी नव्हतं हे कळतं. अंतराला उत्तर एसटीचं आहे: मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोटहून रोज ये-जा करणाऱ्या मुली स्टँडवर सकाळी मोजाव्यात.

दाखल्यांपाशी मात्र सगळी हुशारी संपते. जून उजाडला की दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत प्लास्टिकची फाईल छातीशी धरून उभी असलेली आई, मागे पोरगं मोबाईलमध्ये. खिडकीवर कळतं की तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल नाही. उद्या या. उद्या सर्व्हर बंद. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा, ईडब्ल्यूएसचा, असा प्रत्येकाचा कालावधी वेगळा. ईडब्ल्यूएस तर दर आर्थिक वर्षाला नवा. आणि सगळ्यांत चिवट जात वैधता प्रमाणपत्र. सोलापुरात हे विशेष जाणवतं, कारण इथल्या पद्मशाली समाजाचा महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात समावेश आहे आणि त्या घरांची मुळं तेलंगणात. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात होतं हे दाखवणारा पुरावा मागतात. ज्या घरात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मिलमधल्या नोकरीचा एखादा कागद जपून ठेवलेला असतो त्यांचं निभावतं. नसेल तर पोरगं अकरावीत असतानाच शोध सुरू करावा, जुन्या शाळेच्या रजिस्टरपासून. बारावीच्या निकालानंतर वेळ पुरत नाही. सरकार मुदतवाढ देतं, पण मुदतवाढीच्या भरवशावर चार वर्षांचा खर्च टांगून ठेवू नये.

आणखी एक योजना या शहराच्या अगदी दारातली. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून शिष्यवृत्ती मिळते, पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत, वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. कुंभारीच्या वसाहतींत, अशोक चौकात ही माहिती असते. पण पोरगं कॉलेजात गेलं की "आई विडी वळते" हे फॉर्मवर लिहायला लाजतं. पंचवीस हजार रुपयांची लाज. एवढं बघावं की सरकारी योजनांत बहुधा एका वेळी एकच लाभ घेता येतो. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरची फी माफी आणि ही रक्कम, दोन्ही मांडून जास्तीचं कुठलं ते निवडावं.

घराबाहेर राहणं ज्यांना अटळ आहे त्यांच्यासाठी पुण्याचा आकडा आधी लिहून काढावा. कॉट, मेस, जाणं-येणं, मोबाईल, आजारपण. महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली भागवणारं पोरगं आता विरळा. अनुसूचित जातीच्या, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्याच धर्तीवरची सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची आधार योजना. या पैशांचा भरवसा आहे, तारखेचा नाही. पहिले सहा महिने घरातून काढावे लागतील असं धरूनच निघावं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली. खेड्यापाड्यांतल्या गरजू मुलामुलींना थोडक्या पैशांत राहायला-जेवायला देणारी आणि त्यांच्याकडून कामही करून घेणारी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'ची परंपरा त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांत अजून आहे, आपल्या जिल्ह्यात पंढरपूरलाही. अशा ठिकाणी मुलाखत होते, जागा मोजक्या असतात, अर्जाची तारीख कॉलेज प्रवेशाशी जुळत नाही. आधी विचारपूस केलेल्यालाच ते मिळतं.

कर्जाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली: निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीतल्या कॉलेजसाठी तारण आणि जामीनदार नसलेलं कर्ज, ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण सुरू असताना व्याजात ३ टक्के सूट. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्याआधी बघावं. सावकाराकडून, पतपेढीतून किंवा दागिने ठेवून काढलेल्या पैशापेक्षा हे कितीतरी बरं. आपल्याकडे मात्र अजूनही पहिली धाव मंगळसूत्राकडे जाते.

मुलाशी बोलणं हा भाग पालकांना सर्वांत जड. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला घराचं उत्पन्न माहीत नसतं. त्याला "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं मी बघतो" असं सांगितलेलं असतं, आणि ऐन प्रवेशाच्या दिवशी तोच बाप म्हणतो, "एवढं झेपणार नाही रे." पोराला ती फसवणूक वाटते, आणि त्याची चूक नसते. त्यापेक्षा दिवाळीतच एका कागदावर लिहावं: चार वर्षांत इतके देऊ शकतो, यापुढचं शिष्यवृत्ती किंवा कर्ज, आणि कर्ज असेल तर ते तुझ्या नावावर असेल. मग निवड त्याच्याकडे सोपवावी. पैशाचा आकडा समोर असला की पोरं आश्चर्य वाटावं इतकी हिशेबी होतात, दयानंदला बी.एस्सी. करून पुढचं पुण्यात करण्याचा बेत मी पोरांच्याच तोंडून ऐकला आहे, बापांच्या क्वचित. काहींना तर नोकरी करूनच शिकावं लागतं. त्यांच्यासाठी इथं छत्रपती शिवाजी रात्र महाविद्यालय आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहून संध्याकाळी बी.कॉम.च्या वर्गात बसणाऱ्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी त्याच्यासारखा एक आठवडा काढून बघावा.

शेवटचं, अगदी क्षुल्लक वाटणारं. कॅपचा आणि महाडीबीटीचा अर्ज बहुतेकजण नेट कॅफेत भरतात. दुकानदार घाईत असतो; मोबाईल नंबर स्वतःचा टाकतो, पासवर्ड आपल्या वहीत लिहितो, पसंतीक्रम मागच्या पोराचाच पुढे ढकलतो. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला ओटीपी त्या नंबरवर जातो आणि ते दुकान तोवर चहाची टपरी झालेलं असतं. नंबर पोराचा, ई-मेल पोराचा, बँक खातं पोराचं आणि आधारशी जोडलेलं असावं, आणि पसंतीक्रम घरी कागदावर लिहून नेलेला असावा. प्रवेश रद्द करायची पाळी आली तर ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केल्यास १,००० रुपये वजा होऊन बाकी फी परत मिळते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. ऑफिसातला माणूस तसं नाही म्हणाला, तर नियम लेखी मागावा.